एकशिक्षकी शाळा आणि मंडळाचे दप्तर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संगणकावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी समितीने केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाचा शिक्षणक्रम पुरा करून आम्ही उभा जन्म प्राथमिक शाळांतून घालविला. या शास्त्रात आमचा अधिकार तो काय? परंतु संगणकाच्या बाबतीत मंडळाचे जे नुकसान झाले, त्यास आम्हीच कारण झालो आहोत. तेव्हा विद्वत्तेचा नसला तरी कबुलीचा अधिकार आमचा आहे, आणि त्याच भावनेने आम्ही आपणांसमोर उभे आहोत.

प्रथम विषयाची ओळख करून देतो. आमची पहिली नेमणूक एका डोंगराळ गावातील एकशिक्षकी शाळेवर झाली होती. खोली एक, शिक्षक एक आणि वर्ग चार! पहिलीस अक्षरे गिरवावयास लावावी, तोवर दुसरीचे पाढे ऐकावे, तिसरीस गणित घालावे आणि चौथीचे वाचन घ्यावे. प्रत्येक वर्गास वाटे, गुरुजी आपलेच आहेत. आज ज्यास व्हर्च्युअलायझेशन म्हणतात, ते तत्त्वतः हेच आहे. एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदतात. प्रत्येकास स्वतःचा संगणक असल्याचा भास होतो. आणि त्यांच्यामध्ये वेळ वाटून देणारा जो प्रोग्राम, त्यास हायपरव्हायजर म्हणतात. मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. गुरुजींचा वेळ वाटून घेता येतो, खोलीतील जागा तितकी ताणता येत नाही. यंत्राची स्मृती, म्हणजे मेमरी, ही या जागेसारखी आहे. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रात प्रत्येकी चार गिगाबाइटची तीन बिऱ्हाडे सुखाने राहतात, कारण घरमालकासही थोडी जागा लागतेच.

ही कल्पना अगदी नवी आहे असे नव्हे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या केंद्रात १९६०च्या दशकातच तिची उभारणी झाली, आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली त्या कंपनीने जाहीर केली. त्या काळी यंत्र इतके महाग असे की एकाच मनुष्यासाठी ते अडवून ठेवणे परवडत नसे. पुढे १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने हीच विद्या मेजावरच्या साध्या संगणकावर आणली. २००७ साली केव्हीएमच्या रूपाने ती लिनक्सच्या गाभ्यात सामावली. आणि २००८ साली व्हिएन्ना येथून निघालेल्या प्रॉक्समॉक्स या मुक्त प्रणालीमुळे ती सामान्य घरांतही शिरली. आमच्या पुतण्याने कचेरीतून मोडीत निघालेला एक संगणक घरी आणून त्यावर अशी प्रयोगशाळा मांडली आहे. एक आभासी यंत्र बिघडवावे, दुसरे उभारावे, आणि शिकावे. आम्हांस हा छंद प्रथम पोरखेळ वाटला. आज आमचे मत बदललेले आहे.

आता आमच्या प्रमादाकडे वळतो. वंशावळींचे दप्तर संगणकावर आणण्याचे काम २०२२ साली मंडळाने आमच्याकडे सोपविले. कार्यालयातील साठ्याच्या यंत्रात दोन डिस्क होत्या आणि एकीवर जे लिहावे ते तत्क्षणी दुसरीवरही उमटे. या योजनेस रेड असे म्हणतात. ‘गुरुजी, एक डिस्क बंद पडली तरी चिंता नाही,’ असे आम्हांस सांगण्यात आले, आणि ते खरेही होते. त्यावरून आपले दप्तर सर्वथा सुरक्षित झाले असे आम्ही मानले, ही आमची चूक.

२०२३च्या आरंभी आम्ही ज्ञातीतील एका वयोवृद्ध आजींकडे आठ-दहा वेळा गेलो. आपल्या वंशावळींत पुरुषांची नावे असतात. सुनांची माहेरची नावे आणि लेकींची घरे कोणी लिहून ठेवली नव्हती. आजींना ती चार पिढ्यांची मुखोद्गत होती. त्या सांगत गेल्या आणि आम्ही कागदावर न उतरविता थेट संगणकावर लिहीत गेलो. आपण काळाबरोबर चाललो आहोत, याचा आम्हांस त्या वेळी अभिमान वाटला. चैत्रात आजी निवर्तल्या. वैशाखात आवराआवर करताना, जुनी प्रत समजून, आम्ही ती संपूर्ण फाइल आमच्याच हाताने पुसली. दुसऱ्या डिस्कने आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणे तेच केले. काही दिवसांनी चूक ध्यानात आली, तोवर त्या जागेवर दुसरे लेखन झाले होते.

आदल्या दिवाळीस पुतण्याने एका सुट्या डिस्कवर घेतलेली प्रत सापडली, म्हणून बाकीचे दप्तर वाचले. आजींनी सांगितलेले मात्र गेले. ते आता कोणासही विचारता येणार नाही.

यातून जो धडा मिळाला तो असा. रेड ही यंत्र बिघडण्यावरची तजवीज आहे, मनुष्य चुकण्यावरची नव्हे. स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याचे त्या क्षणाचे टिपण, घेतलेले असते तर आमची चूक सुधारली असती. परंतु ते त्याच डिस्कवर राहते, आणि डिस्कबरोबरच जाते. म्हणून जाणते लोक तीन-दोन-एकचा नियम सांगतात: प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि एक तरी परगावी असावी. परगावी कशासाठी, हे पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या घरांत वरच्या कपाटात ठेवलेले आणि खालच्या कपाटात ठेवलेले कागद सारखेच भिजले.

आता मंडळाच्या कार्यालयात पुतण्याने एका जुन्या संगणकावर तीन आभासी यंत्रे उभारली आहेत. एकात वंशावळी, दुसऱ्यात वधूवर-नोंदणी, आणि तिसऱ्यात आपला हिशेबाचा जुना प्रोग्राम आहे. तो विंडोज एक्सपीवरच चालतो, आणि त्या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच थांबविली. म्हणून ते बिऱ्हाड बाहेरच्या जाळ्यास न जोडता बंद दाराआड ठेवले आहे. आभासी यंत्र म्हणजे अखेर काही फायलीच, त्यामुळे ते अख्खे उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येते. एकशिक्षकी शाळेत गुरुजी आजारी पडले की चारही वर्ग बंद पडत. येथे हजेरीपटासह सारे वर्ग दुसऱ्या गुरुजींच्या हाती देता येतात. मात्र त्यासाठी प्रत हवी. ती रोज रात्री वेगळ्या यंत्रावर घेतली जाते, आणि दरमहा एक सुटी डिस्क नाशिकच्या ज्ञातिबांधवांकडे जाते.

आणखी एक. पाठ झाला असे म्हणणाऱ्या मुलास आम्ही ‘म्हणून दाखव’ असे सांगत असू. प्रतीचेही तसेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एक फाइल प्रतीवरून परत आणून, उघडून, वाचून पाहतो. जी परत आणून पाहिली नाही, ती प्रत आहे असे आम्ही आता म्हणत नाही.

शेवटी एक याचना. आपल्या घरी आजी असतील, मावशी, आत्या असतील. त्यांच्यापाशी बसा. त्यांची माहेरे, त्यांच्या आईची माहेरे विचारा आणि प्रथम कागदावर, शाईने लिहा. एक कागद घरी ठेवा, एक आम्हांस द्या. पुढील तजवीज आम्ही करू. एकदा चुकलेला मनुष्य सहसा दुसऱ्यांदा गाफील राहत नाही.