शिवरस्त्यासाठी हलगी



पाऊस लागला की बीड जिल्ह्यातल्या किती शेतांना वाट उरत नाही, हे या मंडपात बसलेल्यांना सांगायला नको. काळ्या मातीत बैलगाडीची चाकं रुततात, ट्रॅक्टर बांधाशी थांबतो आणि वेचलेला कापूस बायकांच्या डोक्यावरून डांबरी सडकेपर्यंत येतो. पण सगळा दोष चिखलाचा नाही. कुणी बांध कोरलेला असतो, कुणी वाटेवर काट्या टाकलेल्या असतात, कुणी थेट शिवरस्त्यावर नांगर फिरवून तूर पेरलेली असते. या अडलेल्या वाटा मोकळ्या करायच्या असतील, तर ज्यांना आपण सगळ्यात शेवटी बोलावतो त्यांना सगळ्यात आधी बोलवावं लागेल: गावातली तरुण मुलंमुली आणि गावातले वादक-गायक. एवढंच मला आज मांडायचं आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधल्या कलम १४३ खाली शेतकरी शेजारच्या बांधावरून वाट मागू शकतो आणि तहसीलदार चौकशी करून ती देऊ शकतो. असलेली वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधलं कलम ५ आहे. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. मे २०२५ मध्ये शासनाने ठरवलं की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्का’त व्हावी. ही नोंद मला फार मोलाची वाटते. वाट आजवर वडीलधाऱ्यांच्या शब्दावर चालत आली. तो शब्द पाळणारी पिढी गेली, की वाटही जाते.

मग अडतं कुठे? एक अडचण या जिल्ह्याची खास आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. मामलेदार न्यायालयात दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आता आपलं वर्ष बघा. वाट अडते ती बहुधा मृगाच्या पेरणीला, जूनमध्ये. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडचे हजारो संसार गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. सहा महिने भरतात डिसेंबरात. तेव्हा ज्याची वाट अडली आहे तो फडात कोयता चालवत असतो, आणि गावात मागे राहिलेली म्हातारी माणसं तालुक्याला खेटे घालू शकत नाहीत. कारखान्याचा पट्टा पडून माणूस परत येईतो मुदत गेलेली असते. पुढे अर्जफाटा करता येतो, पण लवकर सुटणारा मार्ग हातचा गेलेला असतो. म्हणून अडथळा झाला त्याच आठवड्यात त्याचा तारखेसह फोटो काढणारं, गटनंबर लिहून ठेवणारं, कागद पुढे सरकवणारं कुणीतरी गावात हवं. हे काम बारावीतल्या पोरीला, कॉलेजात जाणाऱ्या पोराला येतं. गावनकाशा कसा वाचायचा, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, हे एका दुपारी शिकवता येतं.

दुसरी अडचण भावकीची. वाट अडवणारा परका नसतो. चुलता असतो, सोयरा असतो. तहसीलदाराच्या आदेशाने जेसीबी येऊन बांध फोडतो आणि पुढच्या पेरणीला तिथे पुन्हा काट्या पडतात. घरोघर जाऊन समजूत घालायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, ‘तू कुणाच्या बाजूचा?’ पखवाजवादकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो दोन्ही घरांच्या सप्ताहात वाजवत आलेला असतो. सगळा गाव टाळ घेऊन शिवरस्त्यावरून चालत गेला, तर कुणाचंही नाव न घेता सगळ्यांना कळतं की ही वाट गावाची आहे. वारीने आपल्याला हेच शिकवलं. पैठणहून निघणारी नाथांची पालखी रायमोहा, पाटोदा करत आपल्या जिल्ह्यातून जाते, मुक्ताईची पालखी बीड शहरातून जाते. पिढ्यान् पिढ्या माणसं गात चालली, म्हणून त्या वाटा वारीच्या म्हणून ओळखल्या जातात.

वाटेसाठी तरुण आणि गाणं एकत्र आल्याचा एक दाखला इंग्लंडातला आहे. रविवार, २४ एप्रिल १९३२. मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतली पोरं किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढून गेली. ते पठार जमीनदारांनी शिकारीसाठी बंद ठेवलं होतं आणि वर राखणदार उभे होते. पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा. बातमी पसरवण्याचं काम करणारा जिमी मिलर सतराचा. पुढे तो इवान मॅककॉल या नावाने मोठा लोकगायक झाला. पाच जणांना तुरुंगवास झाला. भटकंती करणाऱ्या जुन्या संघटनांतल्या ज्येष्ठांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता. त्यांचा भर विनंतीअर्जांवर होता. मॅककॉलने त्या चढाईवर गाणं रचलं आणि ते पुढे डोंगर चढणाऱ्या पिढ्यांच्या तोंडी राहिलं. लोकांना मोकळ्या रानात जाऊ देण्याचा कायदा १९४९ साली आला आणि उघड्या डोंगरमाथ्यांवर चालण्याचा हक्क मिळायला २००० साल उजाडलं. इतकी वर्षं एखादी मागणी नुसत्या फायलीत जिवंत राहत नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न गिरणगावच्या चाळीत नेला, तो डफावर. आणि आपल्याच जिल्ह्यात २०१६ साली वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता. पुढच्या वर्षी अजय-अतुल यांच्या गाण्याने श्रमदानाची हाक घराघरात गेली. पाण्यासाठी टिकाव उचलणारी ती मुलं अजून इथेच आहेत. शिवार तेच आहे.

मात्र एक गोष्ट मी जोर देऊन सांगितली पाहिजे. गावची हलगी बहुतेक ठिकाणी ज्या वस्तीतून येते, त्या वस्तीची स्वतःची वाट, अनेक गावांत अगदी स्मशानभूमीची वाटसुद्धा, अडलेली असते. हलगीवाल्याला पुढे उभं करायचं आणि त्याच्या वाटेचा विषय मागे ठेवायचा, हे चालणार नाही. यादीत पहिली वाट त्या वस्तीची असावी. तांड्याची वाट तिच्या शेजारी असावी. कलावंताला मानधन द्यावं, बैठकीत खुर्ची द्यावी, कुठली वाट आधी घ्यायची यात त्याचं मत धरावं. उद्घाटनाला नारळ फुटल्यावर ‘आता काहीतरी वाजवा’ म्हणून बोलावणं हा त्याचा अपमान आहे. पोरांचंही तसंच. फ्लेक्सवर फोटो छापून त्यांना कामाला लावता येत नाही. नकाशा त्यांच्या हातात द्यावा लागतो.

वेळ कुठली धरायची, तेही सांगतो. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत. रब्बी निघालेली असते, रान मोकळं असतं, जमीन कडक असते, तोडीवरची माणसं परतत असतात. मधोमध १ मेची ग्रामसभा येते. त्या सभेपूर्वी मुलांनी गावनकाशा घेऊन प्रत्येक वाट चालून यावी. कुठल्या गटात किती फूट उरली, ते लिहावं. आदल्या रात्री देवळासमोर भजन, भारूड, पोवाडा, जे त्या गावात असेल ते व्हावं. त्यात वाटांची नावं यावीत, अडवणाऱ्यांची येऊ नयेत. सकाळी सभेत यादी वाचावी, ठराव घ्यावा, आणि जे आपखुशीने बांध मागे घेतील त्यांच्या वाटेचा पंचनामा त्याच आठवड्यात करून सातबाऱ्यावर नोंद मागावी. जे ऐकणार नाहीत त्यांच्यासाठी कलम आहेच. पण त्या वेळी अर्जदाराच्या मागे सगळा गाव उभा असेल.