उसनी गोळी

मी शिवाजी पेठेतल्या महिला बचत गटांचं काम बघते. एरवी आपण हप्ता, व्याज, पासबुक यावर बोलतो. आज मला घरातल्या गोळ्यांच्या डब्याविषयी बोलायचंय.

आमच्या फ्रीजवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. उरलेल्या सगळ्या गोळ्या त्यात. कुणाचा घसा धरला, की डब्यातली गोळी. शेजारच्या वहिनींना त्रास झाला, की त्यातल्याच दोन. गटाच्या बैठकीतसुद्धा पर्समधून अशा गोळ्या निघायच्या. मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू?

माझ्या सासूबाईंना, आत्यांना, लघवीला जळजळ सुरू झाली. मी डब्यातली गोळी दोन दिवस दिली. बरं वाटलं, बंद केली. वर्षात असं तीनदा झालं. चौथ्यांदा थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला लावलं. रिपोर्टवर औषधांची लांब यादी, आणि बहुतेक नावांपुढे एकच अक्षर, 'आर'. म्हणजे हे औषध या जंतूवर चालत नाही. साध्या गोळीनं भागलं असतं, तिथं आत्यांना ॲडमिट करून शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागली. मी विचारलं, "आत्यांच्या अंगाला औषधाची सवय झाली का?" डॉक्टर म्हणाले, "अंगाला नाही, जंतूला."

हे नीट समजून घेऊ. जिवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते. आपल्या पेशींना तशी भिंत नसते. पेनिसिलिन आणि त्याच्या घरातलं अमॉक्सिसिलिन ती भिंत बांधू देत नाहीत, म्हणून जिवाणू फुटून मरतो आणि आपल्या पेशी सुखरूप राहतात. काही औषधं जिवाणूचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. काही त्याला स्वतःची नक्कल करू देत नाहीत.

पण जिवाणूही गप्प बसत नाहीत. सोयीची जागा मिळाली, तर लघवीच्या संसर्गातले नेहमीचे जिवाणू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. इतक्या भराभर वाढताना एखादा थोडा वेगळा निपजतो. कुणी औषधाचे तुकडे करणारा रस तयार करतो, कुणी आत आलेलं औषध बाहेर उपसून टाकतो, कुणी औषध जिथं चिकटतं ती जागाच बदलतो. औषधानं बाकीचे मेले, की या चिवटांना रान मोकळं. वर ही युक्ती ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणून एका घरातली चूक त्या घरापुरती राहत नाही.

हा इशारा नवा नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला. तो लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल घेताना सांगितलं होतं, की औषध अपुरं घेतलं तर जंतू मरणार नाहीत, उलट निर्ढावतील. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. एकेकाळी इतकं मोलाचं असलेलं औषध आज आपण फ्रीजवर टाकून ठेवतो.

याची किंमत काय होते, ते मुंबईनं पाहिलंय. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी टीबीचे चार रुग्ण नोंदवले. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूवर चालत नव्हतं. २०१२ च्या जानेवारीत ही बातमी देशभर गाजली. नाव काय द्यायचं यावर सरकारचा आणि डॉक्टरांचा वाद झाला, पण दुखणं खरंच होतं. त्यातल्या बहुतेकांनी आधी वेगवेगळ्या डॉक्टरांकडून अर्धवट, चुकीची औषधं घेतली होती. त्याच वर्षी प्रत्येक टीबी रुग्णाची सरकारकडे नोंद करणं बंधनकारक झालं. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून साध्या टीबीलाही सहा महिने औषध लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि बाई म्हणते, "आता कशाला?" तिथंच घात होतो. सरकारी दवाखान्यात, आपल्या सीपीआरमध्येही, टीबीची औषधं फुकट मिळतात. उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. कुणी लपवत असेल, तर तिच्यासोबत जा.

सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. विषाणूला ती भिंत नसते, तो कारखानाही नसतो. मग अँटिबायोटिक मोडणार काय? उलट पोटातले चांगले जिवाणू मरतात. म्हैस पाळणाऱ्या बायकांना हे चटकन कळेल. कासेत औषध सोडलेल्या म्हशीच्या दुधाला विरजण लावलं, तर बऱ्याचदा दही लागत नाही. औषध विरजणातल्या जिवाणूंनाच मारतं. असं दूध जनावरांचे डॉक्टर सांगतील तितके दिवस विकू नका, घरात वापरू नका.

आता करायचं काय? गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. दुकानदाराकडं "चांगलं जोराचं द्या" म्हणायचं नाही. डॉक्टरांनाच विचारायचं, "यात अँटिबायोटिक आहे का? किती दिवस घ्यायचं?" जितके दिवस सांगितलं तितके दिवस घ्यायचं, मनानं कमी नाही, मनानं जास्तही नाही. पुरळ उठलं, जुलाब लागले, तर त्यांनाच कळवायचं. आणि हात धुणं, पाणी उकळणं, लसी वेळेवर देणं हे चुकवायचं नाही. आजारच टळला, तर गोळी लागतच नाही.

आमच्या गटानं बैठकीच्या वहीत एक ठराव लिहिलाय. साखर उसनी द्या, पीठ द्या, अडीनडीला पैसे द्या. गोळी उसनी द्यायची नाही. त्या ठरावाखाली पहिली सही माझी आहे, दुसरी आत्यांची.

तुमच्या गटातही हा विषय काढा.