पिंजारी खुर्चीवर बसला तेव्हा

दोस्तांनो, मी गोदीत गासड्या वाहणारा माणूस. कविता करतो, भाषण येत नाही. एका मजुराची गोष्ट सांगतो. नाव मिकेले दी लान्दो. गाव इटलीतलं फ्लोरेन्स. साल १३७८.

पुस्तकवाले या शहराला रेनेसान्सचं माहेरघर म्हणतात. चित्रं, घुमट, पुतळे. पण पैसा कुठला? बराचसा लोकरीचा. ती लोकर धुणारे, पिंजणारे, विंचरणारे म्हणजे च्योम्पी. शेठांचं गिल्ड होतं, म्हणजे धंद्याची पंचायत. गिल्डात असाल तरच सरकारात जागा. च्योम्पींना गिल्ड काढायलाच बंदी! वर शेठांच्या गिल्डचा अधिकारी त्यांना दंड करणार, कोंडणार, छळणार. मालकही तेच, कोर्टही त्यांचंच.

जुलैत उठावाचा सुगावा लागला. सिमोन नावाच्या माणसाला सरकारी वाड्यात नेऊन त्याचे हाल केले. वाड्यातलं घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला ते कळलं. त्यानं वस्तीत येऊन बोंब ठोकली. घंटा वाजल्या. २२ जुलैला वाडा मजुरांच्या हातात! हातात झेंडा, पाय अनवाणी, असा मिकेले पुढं. धंद्यानं लोकर पिंजणारा. लोकांनी आरोळी ठोकून त्यालाच शहराचा प्रमुख केला.

मागण्या साध्या होत्या. तो अधिकारी हटवा. पन्नास फ्लोरिनच्या आतल्या कर्जासाठी दोन वर्षं कुणाला कोर्टात ओढू नका. आम्हाला गिल्ड द्या. गिल्डं मिळाली, पण तीन. रंगाऱ्यांचं एक, अंगरखे शिवणाऱ्या शिंप्यांचं एक, आणि सगळ्यात खाली च्योम्पींचं. उतरंड तशीच राहिली, फक्त मडकी वाढली.

शेठांनी कारखान्यांना कुलपं लावली. काम नाही, भाकर नाही. ऑगस्टच्या अखेरीला उपाशी च्योम्पी सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चपाशी जमले. आपली आठ माणसं निवडली. म्हणाले, यांना विचारल्याशिवाय कारभार चालणार नाही. निरोप घेऊन माणसं वाड्यात गेली, तर मिकेलेनं त्यांच्यावर तलवार उपसली. ३१ ऑगस्टला चौकात लढाई झाली. रंगारी आणि शिंपी शेठांच्या बाजूला उभे! च्योम्पी फुटले. त्यांचं गिल्ड मोडलं.

मिकेलेला गद्दार म्हणून शिवी हासडणं सोपं आहे. पण रंगाऱ्यांचं काय? शिंप्यांचं काय? एक पायरी वरची मिळाली आणि खालचा त्यांना परका झाला. पुढं १३८२ च्या जानेवारीत त्यांचीही दोन्ही गिल्डं शेठांनी मोडली. मिकेलेलाही शहराबाहेर हाकललं. कामापुरता मामा.

नंतर मॅकियाव्हेलीनं इतिहासात त्याचे गोडवे गायले. फ्लोरेन्सच्या बाजारमंडपात आज त्याचा पुतळा आहे. म्हणून सांगतो, आपल्यातला कुणी खुर्चीवर चढला तर खुशाल टाळ्या पिटा. पण त्याच रात्री मोजून घ्या, आपल्या खालच्या पायरीवर कोण उभा आहे. त्याचा हात सुटला, की पुढची पाळी आपली.