आपल्या घराण्याची वही
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत असा आपण आग्रह केलात, म्हणून उभी आहे. मी वक्ती नव्हे. 1979 साली लग्न होऊन अंबड तालुक्यातील एका घरात सून म्हणून आले, शेतात राबले, मुले वाढवली, एवढाच माझा अधिकार. तेव्हा बोलायचे ते घरचेच बोलते.

आमचे घर मूळचे इथले नव्हे. गोदाकाठचे आमचे गाव पैठणच्या धरणात गेले. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातील एका गावाचे. धरण आधी तिथे बांधावयाचे होते. पुढे जागा बदलून ती पैठणजवळ आली, नाव मात्र तेच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. शंभराहून अधिक गावे पूर्णतः वा अंशतः त्या पाण्याखाली गेली. त्याच पाण्याच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर हा भाग ओलिताखाली आला. पाटाच्या पाण्यावर उभा असलेला ऊस आणि मोसंबी आपण रोज पाहतो. त्या पाण्याच्या तळाशी कोणाची तरी चूल आहे, हे मात्र आपल्या सहसा मनात येत नाही.

सासूबाई सांगत, घर सोडताना पुरुषांनी तुळया, दारे, चौकटी काढून गाड्यांवर घातल्या. बायकांनी जाते, उखळ, पाटा-वरवंटा आणि देव घेतले. इकडे आल्यावर पहिले दोन पावसाळे पळाट्या-तुऱ्हाट्यांच्या कुडाच्या घरात काढले. मिळालेली जमीन साडेचार एकर. ती इथल्याच मोठ्या खातेदारांच्या जमिनीतून काढलेली होती. त्यामुळे गावाला आम्ही नकोसे होतो. ‘धरणवाले’ हेच आमचे आडनाव झाले. आडावर सासूबाईंची घागर शेवटी भरे. गावाचेही काय चुकले? त्यांची पिढीजात जमीन गेली होती. ज्यांचे गेले आणि ज्यांना मिळाले, ती दोन्ही माणसे एकाच आडावर उभी होती. पुढे ज्या घरची जमीन आमच्याकडे आली, त्या घरच्या आजीनेच माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी बाळंतपण निभावले. ही गोष्ट कोणत्या कागदावर आहे?

2016 च्या उन्हाळ्यात नाथसागर फार आटला. तेव्हा सासूबाईंना आम्ही जुने गाव दाखवायला नेले. मैलभर भेगाळलेला गाळ, मध्ये आडाचे दगड. चुलत सासरे गट नंबर आठवून शेतांच्या हद्दी सांगू लागले. सासूबाई म्हणाल्या, “इथं आपलं दार. समोर सुताराचं. त्याच्या सुनेला जुळी झाली, त्या रात्री पूर आलता.” चुलत सासरे म्हणाले, दार पूर्वेला होते. सासूबाई म्हणाल्या, “सडा मी घालत होते, भाऊजी. तुम्ही नव्हतात घालत.” सारे हसले, पण माझ्या मनात एक गोष्ट रुतली. जमिनीचा इतिहास पुरुषांना पाठ आहे. माणसांचा इतिहास बायकांजवळ आहे, आणि तो कोठेही लिहिलेला नाही.

घरी आल्यावर मी वही घातली. रोज रात्री त्यांना एक गोष्ट विचारायची ठरवले. चौदा पाने झाली. मग कापूस वेचणी आली, नातीचे लग्न आले, ‘पुढच्या महिन्यात लिहू’ असे होत गेले. 2018 साली सासूबाई गेल्या. वही चौदा पानांवर थांबली. त्यांच्या आईचे माहेर कोणते, हे आता मला कोणी सांगू शकत नाही.

थोडे दूरचे उदाहरण देते. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा लहान डोंगराळ मुलुख आहे. त्याची भाषा निराळी. तिथेही एक गाव, कॅपेल केलिन, लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बुडवले गेले, आणि त्या तलावाचे उद्घाटन झाले 21 ऑक्टोबर 1965 रोजी, म्हणजे आपल्या धरणाच्या पायाभरणीनंतर तिसऱ्याच दिवशी! पण या लोकांची स्थलांतराची सवय त्याहून जुनी. अमेरिकेने 1862 साली कायदा केला की, जो माणूस माळरानावर पाच वर्षे राहील, घर बांधील व जमीन कसील, त्याला 160 एकर, म्हणजे सुमारे 65 हेक्टर जमीन थोड्याशा फीवर मिळेल. पुष्कळ वेल्श कुटुंबे कॅन्सास, नेब्रास्का अशा भागांत गेली. झाड औषधालाही नाही अशा त्या मैदानात, गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून लोकांनी घरे रचली. देवळात प्रार्थना मात्र वेल्श भाषेतच होई.

त्यांच्या नातवा-पणतवांना आज घराण्याचा इतिहास सापडतो, तो दोन ठिकाणी. एक, जमीन नावावर होताना झालेले जाबजबाब: घर केवढे, किती एकर नांगरले, घरात माणसे किती. हे कागद सरकारी दप्तरात जपलेले आहेत. दुसरे, घरातील बायबल. त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्ने, मृत्यू टिपून ठेवण्याची चाल होती. एका कागदात जमीन आणि दुसऱ्यात माणसे. दोन्ही मिळून इतिहास होतो. त्या कायद्यात एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीला व विधवेला स्वतःच्या नावे जमीन मागता येई. नवऱ्याच्या घरी राहणाऱ्या स्त्रीला मात्र सहसा नाही! आणि तेही रान ओसाड नव्हते. कानसा नावाच्या ज्या मूळ लोकांवरून कॅन्सास हे नाव पडले, त्यांना 1873 साली तेथून हलवण्यात आले होते. म्हणजे आडावरची दोन माणसे तिथेही होतीच, फक्त एकाला हाकलून दुसरा आला.

आता घरची गोष्ट सांगते. ती सांगायला जीभ जड होते. सासरे वारल्यावर 1988 साली वारसांची नोंद करण्याची वेळ आली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलींचाही हक्क होता. दोन्ही नणंदांना बोलावणे गेले. त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. त्या दिवशी पुरणपोळी मीच केली, साड्याही मीच निवडल्या. आमचे साडेचार एकर अखंड राहिले ते त्या दोन सह्यांमुळे. सातबाऱ्यावर आज त्या दोघींचे नाव नाही, सासूबाईंचे नव्हते, माझेही नाही. सासूबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, “कागद बाप्यांचे, बाई. आपल्याला काय करायचंय?”

या भाषणाआधी धाकट्या नणंदेला वही वाचून दाखवली. मी लिहिले होते, ‘नणंदांनी मोठ्या मनाने हक्क सोडला.’ त्या म्हणाल्या, “वहिनी, ते खोड. मोठं मन-बिन नव्हतं. सही नाही केली तर माहेर तुटेल, ह्या भ्यावानं केली.” मी ते वाक्य खोडले व त्यांचे लिहिले. लिहिताना हात कापला, कारण त्या भयाचा लाभ मला झाला होता.

भगिनींनो, काळ बदलतो आहे. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली साऱ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत कित्येक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्रात झाला. कायदा पुढचे पाहील. मागचे मात्र आपल्यालाच लिहून ठेवले पाहिजे.

त्यासाठी फार विद्या लागत नाही. दोनशे पानी वही पुरे. घरातील सर्वांत वयस्क बाईपाशी बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर, तिची जगलेली व न जगलेली लेकरे, कोणत्या दुष्काळात काय खाल्ले, गाव का सोडले, नव्या गावात पहिला हात कोणी दिला, एवढे विचारा. मग पुरुषमाणसांकडून सातबारा, फेरफार, 1954-55 चे खासरा पत्रक, शाळेचा दाखला यांवरून सालांचा मेळ घाला. त्र्यंबकेश्वरास गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपले कूळ शोधा. पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतील. बायकांची जिथे सापडणार नाहीत, तिथे आपल्या वहीत जागा कोरी सोडा. कोणाचे नाव राहिले आहे, एवढे तरी त्या जागेवरून कळेल.

आणि खरे लिहा. कोणी आपल्याला दिले, तसेच कोणाचे आपल्याकडे आले, हेही लिहा. गोड तेवढेच लिहिले तर तो इतिहास नव्हे, ते लग्नाचे आमंत्रण झाले.

पुढच्या वर्धापनदिनी प्रत्येकीने आपली वही घेऊन यावे, अशी माझी विनंती आहे. चौदाच पाने झाली असली तरी चालतील. मी माझ्या वहीचे पंधरावे पान त्या दोन नणंदांच्या नावांनी सुरू केले आहे. शेताचा प्रश्नही मुलांपुढे मांडला आहे. त्यांचे उत्तर काय येते तेही त्याच वहीत लिहीन, मग ते मला रुचो वा न रुचो.