धर्म, भांडण आणि शाळेचा बाक



जगातल्या धार्मिक संघर्षांवर बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एकच उदाहरण घेतो: उत्तर आयर्लंड. दोन्ही बाजू ख्रिस्ती. एक कॅथलिक, दुसरी प्रोटेस्टंट. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. पण वाद बायबलच्या अर्थावरून नव्हता. घरं कोणाला, नोकऱ्या कोणाला, प्रदेश ब्रिटनचा की आयर्लंडचा, यावरून होता. धर्म ही दारावरची पाटी होती. म्हणून १९९८ च्या कराराने धर्मतत्त्वांना हात लावला नाही. सत्तेची वाटणी, पोलीस सुधारणा आणि नागरिकत्व यांवर तोडगा काढला.

तिथे मुलांच्या शाळाही वेगळ्या. १९८१ मध्ये तुरुंगातल्या उपोषणात दहा कैदी मेले. त्याच वर्षी बेलफास्टमधल्या काही पालकांनी दोन्हीकडच्या मुलांसाठी लॅगन कॉलेज ही शाळा काढली. सुरुवातीला मुलं होती फक्त २८! आजही तिथली बहुतेक मुलं वेगवेगळ्या शाळांतच जातात.

आपल्या बाकावर शेजारी कोण बसणार, हे बाईंनी ठरवलं, धर्माने नाही. नातवंडांची शाळा निवडताना निकालाबरोबर एवढंही विचारू या: वर्गात वेगळ्या घरांतली मुलं आहेत ना?