पागोळ्यांचं पाणी अंगणातच राहू द्या

डहाणू-तलासरी भागात पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर बायाबापड्यांना हंडे घेऊन दूर जावं लागतं. उतारावरून पाणी झपाट्याने ओढ्यात आणि तिथून समुद्राला मिळतं. ते छपरावरच अडवलं तर?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराचं छप्पर ५० चौरस मीटर असेल, तर २० मिलिमीटरच्या एका सरीत १००० लिटर पाणी पडतं. गळती-उडती धरूनही त्यातलं सुमारे ८०० लिटर, म्हणजे २०० लिटरची चार पिंपं भरतील इतकं, हाती लागतं.

कौलांच्या किंवा पत्र्याच्या कडेला पन्हळ लावा आणि पाइपाने पाणी पिंपात सोडा. पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या. त्यात धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा असते. पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवा. पिंप घट्ट झाका, म्हणजे डेंग्यूचे डास होणार नाहीत.

हे पाणी भांडी, कपडे, गुरं धुवायला आणि परसातल्या भाजीला, चिकूच्या रोपांना वापरा. पिण्यासाठी मात्र ते थेट घेऊ नका.

पिंप भरून वाहू लागलं की जादा पाणी दगड, खडी आणि वाळूच्या शोषखड्ड्यात सोडा. तिथून ते जमिनीत मुरेल आणि विहिरीला आधार देईल. येत्या पावसाआधी एक पन्हळ नक्की बसवा.