‘आधी इन्स्टॉल चालव’

अध्यक्षाने बिल्ड टूलच्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो पाळतो.

१९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले आणि कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे यंत्राला सांगण्याची सोय झाली. २००० साली ‘अँट’ आले. तेव्हा आम्ही प्रत्येक प्रकल्पात ‘लिब’ नावाचे फोल्डर करायचो आणि लागतील त्या जार हाताने आणून त्यात टाकायचो. २००५ मध्ये ‘मेव्हन २’ने ते काम आपल्याकडे घेतले. तुमची डिपेंडन्सी तुम्ही सांगायची. तिला काय लागते आणि त्याला पुढे काय लागते, ते टूल बघणार. २०१२ साली ‘ग्रेडल’ची १.० आवृत्ती आली.

आढावा इथेच थांबवतो. पंधरा-सोळा वर्षे एक गोष्ट माझ्या मनात साचून आहे आणि ती बोलायला याहून मोठे व्यासपीठ मला मिळायचे नाही. बिल्ड टूलसाठी प्लगिन लिहिताना मॉड्यूलच्या डिपेंडन्सी आपण टूलला विचारत नाही, स्वतः शोधायला निघतो. आणि त्याची किंमत भलताच माणूस मोजतो.

२००९ सालची गोष्ट. चाळीसेक मॉड्यूलचा प्रकल्प होता. प्रत्येक मॉड्यूलमध्ये संदेशांच्या व्याख्या असत आणि शेवटच्या मॉड्यूलमध्ये त्या गोळा करून एक फाइल बनवायची असे. त्यासाठी मी मेव्हनचे प्लगिन लिहिले. प्रकल्पाकडे आर्टिफॅक्टची यादी मागितली, तर यादी रिकामी आली. एररही नाही, इशाराही नाही. आपल्याला सोडवलेली यादी हवी आहे आणि ती कोणत्या स्कोपची, हे प्लगिनने आधी जाहीर करायचे असते. क्लासच्या डोक्यावर ‘रिक्वायर्स डिपेंडन्सी रिझोल्यूशन’ ही एक ओळ. तेव्हा ती कॉमेंटमध्ये लिहायची, आता अ‍ॅनोटेशनमध्ये लिहितात. ती मला ठाऊक नव्हती, आणि विचारण्याइतका धीर मी धरला नाही. होम डिरेक्टरीत ‘डॉट एम टू’ फोल्डर असते, त्यात ग्रुप, नाव, आवृत्ती या क्रमाने जार ठेवलेल्या असतात. तो पत्ता मी कोडमध्ये जुळवला आणि जार थेट उचलल्या. माझ्या मशीनवर सगळे सुरळीत चालले.

काही महिन्यांनी नुकतीच रुजू झालेली एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, मी दोन फील्ड बदलली, टेस्ट पास झाल्या, पण पॅकेजमध्ये जुनीच दिसताहेत. माझा कोड गेला कुठे?” तिने ‘पॅकेज’ चालवले होते. तिची नवी जार ‘टार्गेट’मध्ये तयार होती. माझे प्लगिन मात्र ‘डॉट एम टू’मधली आठवड्यापूर्वीची जार उचलत होते. मी मान वर न करता म्हणालो, “तू आधी इन्स्टॉल चालवत जा.”

इन्स्टॉल चालवले की नवी जार ‘डॉट एम टू’मध्ये पोचते; ती तसे करू लागली. पण एका शुक्रवारी घाईत तिच्या हातून ते राहिले, आणि जुन्या व्याख्या असलेले पॅकेज ग्राहकाकडे गेले. तीन रात्री आम्ही ऑफिसात काढल्या. शेवटी जारची तारीख पाहिली : कोड शुक्रवारचा, जार मंगळवारची. सोमवारच्या बैठकीत सूचना न पाळल्याचा ठपका तिच्यावर आला. चूक माझ्या प्लगिनची होती, हे मला त्या बैठकीत कळलेले होते. मी बोललो नाही.

म्हणून ‘आधी इन्स्टॉल चालव’ हे वाक्य माझ्या कानाला सहन होत नाही. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर ते दिसले की मी प्लगिनचा कोड उघडतो, आणि बहुतेक वेळा तोच जुळवलेला पत्ता मला आत सापडतो.

काही सहकारी म्हणतील, सापडली ना जार, मग बिघडले काय? टूलला विचारले असता जे उत्तर येते, त्यात किती गोष्टींचा हिशेब असतो ते पाहा. डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये बांधलेली आवृत्ती, वगळलेल्या डिपेंडन्सी, ऐच्छिक डिपेंडन्सी, स्कोप, क्लासिफायर, सेटिंग्जमधला मिरर. नाव बदलून दुसऱ्या पत्त्यावर गेलेली लायब्ररीसुद्धा : मायएसक्यूएलचा जावा कनेक्टर ८.०.३१ पासून नव्या नावाने येतो, आणि मेव्हन ते स्थलांतर वाचून योग्य जार देते. शिवाय एकत्र बांधल्या जाणाऱ्या मॉड्यूलचा गट, ज्याला मेव्हन ‘रिअ‍ॅक्टर’ म्हणते. शेजारचे मॉड्यूल याच बिल्डमध्ये आत्ताच तयार झाले आहे, हे फक्त त्यालाच माहीत असते. पंचवीस ओळींच्या आपल्या शोधात यातले काय येणार?

सकाळच्या सत्रात मेव्हन बरोबर की ग्रेडल, यावर बराच वाद झाला. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या, तर मेव्हन मुळाला जवळची घेते आणि अंतर सारखे असेल तर आधी लिहिलेली. ग्रेडल एरवी सर्वांत वरची घेते. दोन्ही नियमांनी मला रडवले आहे. मेव्हनमध्ये पोममधल्या दोन ओळींची अदलाबदल झाली आणि चालू सर्व्हरवर ‘नो सच मेथड एरर’ आला. ग्रेडलमध्ये कुणीतरी खोलवर ओढून आणलेल्या वरच्या आवृत्तीने जुनी मेथड काढून टाकलेली होती, एरर तोच. दोन्ही वेळा ‘डिपेंडन्सी ट्री’ काढून अर्ध्या तासात कारण मिळाले, कारण प्रत्येक टूलचा नियम एकच होता आणि लिहिलेला होता. माझ्या त्या प्लगिनने तिसराच नियम आणला होता, तो कुठेही लिहिलेला नव्हता, आणि त्याला तीन रात्री लागल्या. माझ्यापुरता हा वाद तिथेच संपला आहे. टूलचा नियम कोणता का असेना, प्लगिनला स्वतःचा नियम असता कामा नये.

टूलला विचारायचे, पण वेळ आल्यावर. हेही मी अनुभवाने शिकलो. ग्रेडल आधी सगळ्या बिल्डची मांडणी करते आणि मग कामे चालवते. एका प्लगिनमध्ये मी मांडणीच्या टप्प्यातच कॉन्फिगरेशन सोडवून फाइलींची यादी घेतली. डेक्कन क्वीनने मुंबईला चाललो होतो, खंडाळ्याच्या घाटात बोगद्यामागून बोगदे, नेटवर्क गेलेले. मी नुसती टास्कची यादी मागितली आणि बिल्ड अडकले. आमच्या स्नॅपशॉट आवृत्त्यांच्या कॅशेचे चोवीस तास उलटले होते. त्या तपासायला माझे प्लगिन नेटवर्क शोधत होते. यादी बघायला डिपेंडन्सी कशाला लागतात? दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या प्लगिनला त्याच कॉन्फिगरेशनमध्ये एक डिपेंडन्सी घालायची होती; ते आधीच सोडवले गेले आहे, आता बदलता येणार नाही, असे ग्रेडलने त्याला सुनावले. मी घाई केली, दार त्याच्यासाठी बंद झाले. म्हणून फाइलींच्या यादीचे वचन टास्कच्या इनपुटला द्यायचे आणि ती प्रत्यक्ष उघडायची टास्क चालताना.

दोन ताटे वेगळी ठेवा, हेही सांगतो. प्लगिनला स्वतः चालण्यासाठी लागते ते एक ताट, प्रकल्पाला लागते ते दुसरे. प्लगिनांची ताटेही एकमेकांपासून वेगळी हवीत. मेव्हन प्रत्येक प्लगिनला स्वतंत्र क्लासलोडर देते. ग्रेडलमध्ये एका प्रकल्पाची प्लगिने बिल्डस्क्रिप्टच्या एकाच क्लासपाथवर जेवतात, म्हणून तिथे प्लगिनची जड लायब्ररी वर्करमध्ये वेगळी काढावी लागते. ही ताटे मिसळली की एका प्लगिनची आवृत्ती वाढवल्यावर भलतेच प्लगिन कोसळते आणि कारण कोणालाच दिसत नाही.

ही बारीकसारीक बाब आहे, तिच्यावर अध्यक्षीय भाषण कशाला, असे ज्यांना वाटते त्यांना मी डिसेंबर २०२१ची आठवण करून देतो. लॉगफोरजे या लायब्ररीतली सुरक्षेची फट जाहीर झाली आणि जगभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : आमच्यात ती आहे का? ज्यांच्या बिल्डला आपल्या पोटात काय आहे हे नेमके सांगता येत होते, त्यांनी संध्याकाळपर्यंत आवृत्ती बदलली. २.१५ आली, मग २.१६, मग २.१७, त्यांनी दर वेळी एक ओळ बदलली. ज्यांच्या पॅकेजिंग प्लगिनने कुठून तरी जार उचलून एका मोठ्या जारमध्ये ओतल्या होत्या, त्यांचे ट्री एक सांगत होते आणि पोटात निघाले दुसरेच. अशा एका गटासोबत मी त्या आठवड्यात सर्व्हरमागून सर्व्हर उघडत बसलो होतो.

पुढच्या कामांबद्दल थोडेसे. प्लगिन लिहिणाऱ्यांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका व्हावी, सरावासाठी चार-पाच मॉड्यूलचा नमुना प्रकल्प असावा, आणि नवोदितांचे प्लगिन कुणी अनुभवी माणसाने एकदा वाचावे, असे मला वाटते. कसे आणि केव्हा, ते कार्यकारिणी बसून ठरवील. मी वेळ द्यायला तयार आहे.

एक चाचणी मात्र आजच घेऊन जा. शेजारच्या मॉड्यूलमधली एक ओळ बदला. इन्स्टॉल चालवू नका. मुळापासून बिल्ड करा, किंवा एकच मॉड्यूल हवे असेल तर ‘पीएल’बरोबर ‘एएम’ द्या, म्हणजे त्याला लागणारी मॉड्यूलही बांधली जातील. एकदा ‘पॅकेज’पर्यंत जा, एकदा फक्त ‘कंपाइल’पर्यंत, दुसऱ्या वेळी जारऐवजी ‘टार्गेट’मधले क्लासचे फोल्डर हाती येईल, तेही तुमच्या प्लगिनला वाचता आले पाहिजे. मग बदललेली ओळ शेवटी पोचली का ते पाहा.

ही चाचणी माझी नाही. “माझा कोड गेला कुठे?” हे त्या मुलीने मला विचारले होते. वर्षभरात ती नोकरी सोडून गेली. त्या सोमवारी जे बोलायला हवे होते, ते आज बोललो.